तापलेलं तांबं, गार पाणी: भट्टीचं तापमान काढायची पद्धत

साधा थर्मामीटर साडेतीनशे अंशांच्या आसपास हात टेकतो. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या इन्फ्रारेड गनची धावही बहुधा चारशे-साडेपाचशेपर्यंतच असते. मीनाकाम (एनॅमल), काच, मातीची भांडी किंवा लोखंडाला पाणी देणं या सगळ्या कामांना मात्र ७०० ते १००० अंशांमधला आकडा हवा असतो. रोजच्या कामासाठी के-टाइप थर्मोकपल (दोन वेगळ्या धातूंच्या तारा जोडून केलेला विजेवर चालणारा तापमापी) घ्या, त्याला तोड नाही. पण ते थर्मोकपल खरं बोलतंय का, हे कशावरून ठरवायचं? त्यासाठी, आणि भट्टीजवळ दुसरं काहीच साधन नसताना, दहावीच्या पुस्तकातली मिश्रण पद्धत कामाला येते. तापलेला धातूचा तुकडा मोजलेल्या पाण्यात टाकायचा, पाणी किती तापलं ते पाहायचं आणि तुकडा किती तापला होता ते मागे हिशोब करून काढायचं. एकोणिसाव्या शतकात अभियंते सीमेन्स यांचा पाण्याचा पायरोमीटर (भट्टीचं तापमान मोजायचं साधन) याच तत्त्वावर चालत असे. त्यातही तांब्याचाच ठोकळा असे.

पुस्तकात हा प्रयोग शंभर अंशांपर्यंतच्या तापमानात होतो, तिथे फारसं काही बिघडत नाही. आठशे अंशांवर बरंच बिघडतं. त्यातली काही चूक उत्तर वर ढकलते, काही खाली ओढते. दोन्ही एकमेकींना झाकतात आणि उत्तर दिसायला छान येतं. म्हणून इथे प्रत्येक पायरीला कोणती चूक उत्तराला कुठे नेते, तेही दिलं आहे.

कोणता धातू

नवशिक्यानं तांबं घ्यावं. विजेच्या पॅनेलमध्ये वापरतात त्या तांब्याच्या पट्टीचा किंवा सळईचा तुकडा चालतो, तो जवळपास शुद्ध असतो. २५ मिमी व्यासाच्या सळईचा २३ मिमी लांबीचा तुकडा सुमारे १०० ग्रॅम भरतो. एवढा पुरे. ठोकळा गिड्डा आणि जाड हवा. तेवढ्याच वजनाची पातळ पट्टी घेतली, तर भट्टीतून पाण्यापर्यंत नेताना ती कितीतरी जास्त उष्णता हवेत सोडते.

पितळ नको. ते तांब्याच्या बरंच आधी वितळतं आणि त्यातल्या जस्ताचा धूर सुटतो. भंगारातून तुकडा आणलात तर कानशीनं घासून आतला रंग बघा. लालसर निघाला तर तांबं, पिवळा निघाला तर परत ठेवा.

लोखंड सगळ्यात सहज मिळतं, म्हणून पहिला मोह त्याचाच होतो. तो टाळा. लोखंडाची विशिष्ट उष्माधारकता (एक ग्रॅम पदार्थ एक अंश तापवायला लागणारी उष्णता) खोलीच्या तापमानाला ग्रॅममागे अंशाला ०.४५ ज्यूल असते, पण तापमान चढेल तशी ती झपाट्यानं वाढते. ७७० अंशांच्या आसपास लोखंडाचं चुंबकत्व जातं, तिथे तिचं टोक येतं. त्याच्या आगेमागे स्फटिकरचनाही बदलते आणि त्यात वेगळी उष्णता मुरते. खोलीच्या तापमानापासून ९०० अंशांपर्यंतची सरासरी धरली तर ती ०.६५ ते ०.७० भरते. कोष्टकातला ०.४५ हा आकडा घेऊन हिशोब केलात, तर ९०० अंशांची भट्टी तेराशेच्या घरात दिसेल.

तांब्याची सरासरीही वाढते, पण शिस्तीत. खोलीच्या तापमानापासून वरच्या तापमानापर्यंतची सरासरी काढायला हे सूत्र पुरतं:

सरासरी विशिष्ट उष्माधारकता = ०.३८४ + (०.००००५ × भट्टीचं तापमान)

म्हणजे ३०० अंशांना ०.३९९, ५०० ला ०.४०९, ७०० ला ०.४१९ आणि ९०० ला ०.४२९. एकक ज्यूल, दर ग्रॅम, दर अंश सेल्सिअस. तांबं १०८५ अंशांना वितळतं, त्यामुळे ९५० च्या पुढे या ठोकळ्याला नेऊ नका. भाता मारलेल्या कोळशाच्या भट्टीत तांबं सहज वितळतं, हे विसरू नका.

सामान

ठोकळ्याला ४ मिमीचं आरपार भोक पाडा. आरपारच हवं. अर्धवट भोकात पाणी अडकून राहिलं, तर पुढच्या वेळी भट्टीत त्याची वाफ होऊन ठोकळा उडू शकतो. भोकातून निक्रोम तारेची छोटी कडी ओवा. हीटरची कॉइल बदलून देणाऱ्या दुकानात ही तार मिळते. जी.आय. तार वापरू नका, तिच्यावर जस्ताचा थर असतो. ठोकळा आणि कडी यांचं वजन एकत्रच करा. ग्रॅम-दीड ग्रॅम तारेनं हिशोबात जाणवण्याइतका फरक पडत नाही. ठोकळा उचलायला लोखंडी सळईचा लांब आकडा करून घ्या. सांडशीनं धरलात तर गार सांडशी ठोकळ्यातली उष्णता ओढून घेते, आणि पाण्यात सोडताना ती पटकन सुटतही नाही.

पाण्यासाठी स्टीलचा उभा डबा घ्या: व्यास ९ ते १० सेंमी, उंची १८ सेंमीच्या आसपास. डबा थर्माकोलच्या खोक्यात घट्ट बसवा. डब्यात, तळापासून दोन-तीन सेंमी वर, स्टीलची जाळी किंवा गाळणी टेकवा. तांबं थेट तळाला बसलं तर तळाखालचं थर्माकोल वितळतं आणि तेवढी उष्णता हिशोबाबाहेर जाते. झाकण सैल हवं. त्याला तापमापीपुरतं भोक पाडा. काचेचा थर्मास अजिबात नको, ठोकळा पडला की आतली काच गेली.

तापमापी डिजिटल, ०.१ अंश दाखवणारा घ्या. तो एखादा अंश जास्त-कमी दाखवत असला तरी बिघडत नाही, कारण आपल्याला दोन वाचनांमधला फरक हवा आहे. वजनकाटा निदान अर्धा ग्रॅम दाखवणारा आणि दोन-तीन किलो पेलणारा असावा. पाणी मापाच्या पेल्यानं मोजू नका. पेल्यात २०-२५ मिलीची चूक सहज होते, आणि ८०० मध्ये २५ म्हणजे तीन टक्के, म्हणजे उत्तरात २५ अंश. डबा काट्यावर ठेवून पाणी तोलूनच घ्या.

जाड चामड्याचे हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सुती कपडा, चष्मा आणि बंद बूट. चप्पल घालून हे काम करायचं नाही. मुलांना दाखवायचं असेल तर ती दोन मीटर लांब उभी राहू देत.

आधी डब्याची उष्माधारकता काढा

डबा, जाळी, झाकणाचा आतला भाग, तापमापीचं टोक हे सगळं पाण्याबरोबर तापतं. त्याचा आकडा एकदा काढून ठेवला की झालं. डब्यात खोलीच्या तापमानाचं ४०० ग्रॅम पाणी घ्या, समजा २७.० अंश. दुसऱ्या भांड्यात ६०.० अंशांचं ४०० ग्रॅम पाणी तयार ठेवा आणि ते पटकन ओता. डबा उष्णता पीत नसता तर मिश्रण ४३.५ वर आलं असतं. समजा ते ४२.९ वर आलं. पाण्याची विशिष्ट उष्माधारकता ४.१८ धरा.

गरम पाण्यानं दिली: ४०० × ४.१८ × १७.१ = २८,५९१ ज्यूल
गार पाण्यानं घेतली: ४०० × ४.१८ × १५.९ = २६,५८५ ज्यूल

उरलेले सुमारे २,००० ज्यूल डब्यानं घेतले. डबाही १५.९ अंशच तापला. म्हणून त्याची उष्माधारकता झाली अंशाला १२६ ज्यूल. डबा साधारण २५० ग्रॅम स्टीलचा असेल तर आकडा याच्या जवळपासच यायला हवा. तिप्पट आला, तर गरम पाणी ओतताना वाटेत गार झालं असं समजा आणि परत करा.

प्रत्यक्ष मापन

१. डब्यात ८०० ग्रॅम पाणी तोलून घ्या. पाणी खोलीच्या तापमानापेक्षा चार-पाच अंशांनी गार असलेलं बरं. म्हणजे पहिल्या अर्ध्या वेळात ते बाहेरून थोडी उष्णता घेतं, उरलेल्या अर्ध्यात देतं, आणि दोन्हींची जवळपास फिटंफाट होते. कोरड्या हवेत माठातलं पाणी नेमकं असंच असतं, बर्फ लागत नाही. पावसाळ्यात मात्र फार गार पाणी घेऊ नका. डब्याच्या भिंतीवर बाहेरून दव धरलं तर ते दवही उष्णता देतं.

२. पाणी, डबा, जाळी, झाकण असं सगळं मिळून वजन लिहून ठेवा. याचा उपयोग पुढे आहे.

३. ठोकळा पूर्ण कोरडा करून भट्टीत ठेवा. भट्टीला असं तोंड हवं की ठोकळा दोन सेकंदांत बाहेर येईल. चारी बाजूंनी लिंपलेल्या कुंभाराच्या आव्याला ही पद्धत लागू पडत नाही. ठोकळा किती वेळ ठेवायचा हे घड्याळ सांगणार नाही, डोळे सांगतील. आत डोकावून बघा. ठोकळा भिंतीपेक्षा काळपट दिसत असेल तर तो अजून तापायचा आहे. दोघांचा लाल रंग एक झाला आणि ठोकळ्याच्या कडा भिंतीत जणू विरघळल्या की तो भट्टीच्या तापमानाला आला. त्यानंतर आणखी पाच मिनिटं राहू द्या.

४. पाण्याचं तापमान अर्ध्या-अर्ध्या मिनिटाला, तीन मिनिटं नोंदवा. ते सरळ रेषेत हलत असेल तर ठीक. उड्या मारत असेल तर पाणी नीट ढवळलेलं नाही.

५. डबा भट्टीच्या तोंडापासून हातभर अंतरावर आणा, पण तोंडासमोर नको, तिथे पाणी नुसत्या झळेनंच तापतं. मध्ये एक पत्रा उभा करा. मदतीला एकजण हवाच, तो झाकण उघडेल आणि सेकंद मोजेल.

६. आकड्यानं ठोकळा उचला, सरळ पाण्यात न्या आणि जाळीवर सोडा. वरून टाकायचा नाही, शिंतोडे उडतात. पृष्ठभागावर रेंगाळायचंही नाही, तिथेच सगळ्यात जास्त वाफ सुटते. झाकण ठेवा.

इथे एक गोष्ट दिसेल. पहिला क्षण-दोन क्षण ठोकळा पाण्याखाली लाल दिसत राहतो आणि आवाज कमी असतो. त्याच्याभोवती वाफेचं पातळ आवरण धरलेलं असतं आणि पाणी धातूला शिवतच नाही. मग ते आवरण फाटतं आणि एकदम जोरात चर्र होतं. नवा माणूस नेमका या वेळी दचकून डबा हलवतो. हलवू नका. ठोकळ्यावर पाच-सहा सेंमी पाणी असेल तर बुडबुडे वर येता येता गार पाण्यात विरतात, बाहेर वाफ फारशी येत नाही. डबा उभा आणि अरुंद घ्यायचं कारण हेच.

७. हळूहळू ढवळत अर्ध्या-अर्ध्या मिनिटाला पाच मिनिटं तापमान लिहा. ते चढेल, टेकेल आणि सावकाश उतरू लागेल. उतरती रेषा कागदावर मागे वाढवून ठोकळा सोडला त्या क्षणापर्यंत न्या. तिथे मिळणारं तापमान हे शेवटचं तापमान. थर्माकोल नीट असेल तर ते सर्वोच्च वाचनापेक्षा एक-दोन दशांशच वर येतं.

८. सगळ्याचं परत वजन करा.

हिशोब

समजा ठोकळा १०२.० ग्रॅम, पाणी ८०० ग्रॅम, सुरुवातीचं तापमान २६.४ आणि शेवटचं ३६.३. म्हणजे वाढ ९.९ अंश.

पाणी आणि डबा मिळून: ८०० × ४.१८ + १२६ = ३,४७० ज्यूल, दर अंश
मिळालेली उष्णता: ३,४७० × ९.९ = ३४,३५३ ज्यूल
दर ग्रॅम तांब्यामागे: ३४,३५३ ÷ १०२.० = ३३६.८ ज्यूल

आता याला तांब्याच्या विशिष्ट उष्माधारकतेनं भागायचं. अडचण अशी की ती भट्टीच्या तापमानावर अवलंबून आहे, आणि तेच तर काढायचं आहे. म्हणून आधी अंदाज घ्या. पुस्तकातल्या कोष्टकातल्या ०.३८५ नं (तांब्याचा खोलीच्या तापमानाचा आकडा) भागलं तर ८७५ अंशांचा उतार, त्यात ३६ मिळवले की ९११. आता ९११ ला सूत्रातून सरासरी काढा: ०.४३०. परत भागा: ७८४, अधिक ३६, म्हणजे ८२०. आता ८२० ला सरासरी ०.४२५. परत भागलं की ८२९. आणखी एक फेरी केली तर ८२८. आकडा थांबला. तीन फेऱ्या पुरतात.

पहिला ९११ आणि शेवटचा ८२८, फरक ८३ अंशांचा. पुस्तकातला आकडा थेट वापरला तर चूक एवढी होते, आणि ती वरच्या बाजूला.

उत्तर खाली ओढणाऱ्या चुका

भट्टीबाहेर आल्यापासून ठोकळा उष्णता फेकायला लागतो. ८५० अंशांवर या मापाचा काळवंडलेला ठोकळा प्रारण आणि हवेचा झोत मिळून सुमारे २५० वॅट सोडतो. म्हणजे सेकंदाला पाच अंश उतरतो. दोन सेकंद लागले तर दहा अंश गेले. हे अंदाजानं मिळवता येतं, पण मोजून काढणं चांगलं. एकदा दोन सेकंदांत न्या, एकदा मुद्दाम पाच, एकदा आठ सेकंद हवेत धरा. तिन्ही उत्तरं आलेखावर मांडून रेषा शून्य सेकंदापर्यंत मागे न्या. वरच्या उदाहरणात दोन सेकंदांचे दहा अंश धरले तर भट्टी ८३८ च्या आसपास येते.

वाफ जास्त घातक आहे. एक ग्रॅम पाणी वाफ होऊन डब्याबाहेर गेलं तर ते सुमारे २,५०० ज्यूल घेऊन जातं. आपली एकूण उष्णता ३४ हजार ज्यूल. म्हणजे एका ग्रॅममागे सात टक्के, जवळजवळ ६० अंश. दोनदा वजन करायला सांगितलं ते यासाठी. आधीचं वजन अधिक ठोकळा, वजा नंतरचं वजन: हा फरक अर्ध्या ग्रॅमच्या आत असेल तर मापन ठेवा. एक ग्रॅमच्या वर गेला तर सरळ रद्द करा. त्यात वाफ किती आणि शिंतोडे किती हे नंतर वेगळं करता येत नाही. उडालेला थेंब वाफेच्या मानानं फारच थोडी उष्णता नेतो, म्हणून सगळा फरक वाफेच्या नावावर टाकून दुरुस्ती केली तर उत्तर उलट वर जाईल.

ठोकळा पुरता तापलेला नसेल किंवा डब्याची उष्माधारकता धरायची राहून गेली असेल, तरी उत्तर खालीच येतं. आता गंमत बघा: ०.३८५ वापरल्यानं ८० अंश वर आणि एक ग्रॅम वाफ सुटल्यानं ६० अंश खाली. उत्तर अपेक्षेच्या जवळ येतं आणि दोन्ही चुका तशाच राहतात. म्हणून थर्मोकपलशी आकडा जुळला एवढ्यावर खूश होऊ नका. हिशोबातली प्रत्येक ओळ वेगळी तपासा.

तांब्यावर दर खेपेला काळी खपली धरते आणि पाण्यात झडते. पुढच्या खेपेआधी ठोकळा पुसून, वाळवून पुन्हा तोला. जुनं वजन वापरत राहिलात तर उत्तर हळूहळू घसरत जातं. चांगल्या हातांना तीन खेपांमध्ये १५ अंशांच्या आतला फरक मिळतो. पन्नासचा फरक येत असेल तर आधी वाफेकडे बघा, मग भट्टीकडे. ठोकळा दर वेळी आत एकाच जागी ठेवला होता का, तेही पाहा.

आणि हे तापमान ठोकळ्याचं आहे, ज्वाळेचं नाही. उघड्या गॅसच्या ज्वाळेत धरलेलं तांबं ज्वाळेच्या खऱ्या तापमानाला कधीच पोचत नाही, कारण जेवढं मिळतं त्यातलं बरंचसं ते चहूकडे फेकत असतं. ही पद्धत भिंती तापलेल्या, बंदिस्त भट्टीसाठीच आहे.

मिठानं पडताळा

शुद्ध मीठ ८०१ अंशांना वितळतं. तव्यावर चांगलं भाजून घेतलेलं चिमूटभर मीठ स्टीलच्या छोट्या वाटीत घालून ठोकळ्याशेजारी ठेवा. भाजलं नाही तर ते तडतडून भट्टीभर उडतं. तुमचा हिशोब ८३८ म्हणत असेल तर वाटीत स्वच्छ पाण्यासारखा द्रव दिसायला हवा. खडे तसेच असतील तर कुठेतरी उत्तर वर ढकललं गेलं आहे. खालच्या तापमानासाठी ॲल्युमिनियमची तार: ती ६६० ला वितळते. फक्त ती तांब्याला टेकू देऊ नका, वितळलेलं ॲल्युमिनियम तांब्यात शिरतं.

९५० च्या पुढे

इथे तांबं बाजूला ठेवून ३०४ जातीचं स्टेनलेस स्टील घ्या. चुंबक त्याला जवळजवळ धरत नाही, साध्या लोखंडापासून ते असंच ओळखायचं. लोखंडासारखी त्याची रचना मध्येच पालटत नाही आणि खपलीही कमी धरते. ९०० अंशांपर्यंतची त्याची सरासरी ०.५५ ते ०.५८ च्या दरम्यान असते, पण मिश्रणानुसार थोडी हलते. म्हणून आपल्या तुकड्याचा आकडा आपणच काढावा. तांब्याचा आणि स्टीलचा ठोकळा ८०० अंशांच्या आसपास एकाच भट्टीत शेजारी ठेवा. आधी तांबं पाण्यात टाकून तापमान काढा, मग पाणी बदलून स्टील टाका आणि आता तापमान माहीत धरून त्याची उष्माधारकता काढा. हेच ७०० आणि ९०० ला करा. तीन बिंदूंतून रेषा ओढली की १०५० पर्यंत ती विश्वासानं पुढे नेता येते. स्टीलमधून उष्णता तांब्याच्या मानानं फार सावकाश पसरते, त्यामुळे भट्टीचा रंग आल्यावर त्याला पाचऐवजी दहा-बारा मिनिटं मुरू द्या.